मागणीपत्र : मुलांसाठी आधी आईबापांचे वर्ग घ्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर

महोदय,

आम्ही अंगणवाडी सेविका आणि पालक ही मागणी एकत्र मांडत आहोत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता. उचल दोघांच्या कष्टावर मिळते, पण ती कशी खर्चायची हे बहुतेक घरांत पुरुषच ठरवतो आणि भांडण तिथूनच पेटतं. अंगणवाडीत भातुकली मांडली की चार वर्षांचा पोरगा खेळातल्या बायकोवर हात उगारतो, "पैसे कुठं घातले?" बाहेर कुणी बादली आपटली तरी शेजारची मुलगी कान झाकून घेते. आम्ही त्यांचं वजन करतो, उंची मोजतो. या भीतीची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

घर मोडायला आलं की मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, संरक्षण अधिकारी आहेत. त्याआधी जोडप्याला कुणी काही शिकवत नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीत जोडप्यांसाठी वर्ग सुरू करावेत. राग चढला की बोलणं कुठं थांबवायचं, उचलीचा हिशेब दोघांनी मिळून कसा मांडायचा, मुलाच्या हाती "जा, तुझ्या बापाला सांग" असे निरोप का धाडू नयेत, हे तिथे सरावाने शिकवावं. मुलांसमोर भांडण झालं तर ते मुलांसमोरच मिटवावं. मिटलेलं दिसलं की मूल सावरतं.

वर्ग संध्याकाळी ठेवावेत, आणि पुरुष आले नाहीत तर वर्ग झाला असं धरू नये. या मुद्द्यावर आम्ही माघार घेणार नाही.

शिकवणारी माणसं गावातलीच हवीत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू करून फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. हा धडा याच जिल्ह्याने घालून दिला आहे. पण हे काम अंगणवाडी सेविकांवर फुकट लादू नका. ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून वेगळं मानधन द्या.

जिथे मारहाण आहे तिथे बाईला समजुतीने घ्यायला सांगण्यासाठी हे वर्ग वापरता कामा नयेत. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाच लागू करावा.

दसऱ्यानंतर गाड्या भरून गावं रिकामी होतात. त्याआधी वर्ग व्हायचे असतील, तर पोळ्यापूर्वी आमच्यासोबत बैठक लावावी.