पाणी कळतें कशानें?

उन्हाळ्यांत वरूडच्या संत्रामळ्यांतील विहिरी आटल्या कीं कास्तकार बोअर मारण्यास निघतो. पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतभर फिरतो, नारळ उभा झाला कीं म्हणतो, "येथें पाणी!" त्या एका शब्दावर घरांत कर्ज येतें.

आम्ही विचारतों, हें ज्ञान कीं नुसता विश्वास? न्यायशास्त्रानें ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. चार्वाकांनीं प्रत्यक्ष तेवढें मानलें. १८७३ सालीं जोतीरावांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज काढला, तो भटाच्या शब्दाची गुलामी मोडण्यासाठीं. मग भटाचा शब्द टाकून पाणाड्याचा धरणें, ही कोठली सत्यशोधकी?

कोणी म्हणेल, "माझ्या बोअरला पाणी लागलें, हें प्रत्यक्ष नव्हे काय?" बाबांनो, लागलेला बोअर गांवभर होतो, कोरडा गेलेला कोणी सांगत नाहीं. अर्धें प्रत्यक्ष हें प्रत्यक्ष नव्हे. काळ्या खडकांत पाणी भेगांत व झिजल्या थरांत सांठतें; तें नारळावांचूनही लागतें.

कास्तकार बांधवांनो, गांवाची एक वही करा. बोअर कोणी दाखविला, किती फूट गेला, पाणी लागलें कीं फुफाटा उडाला, सारें लिहा. पावसाळ्याआधीं व नंतर विहिरींतील पाणी दोरानें मोजा. पाणी सालोसाल खालीं जात असेल, तर कोणताही नारळ तें वर आणणार नाहीं. उपसा आवरावा लागेल, पाऊस शिवारांत जिरवावा लागेल.

बैल दांत पाहून घेतां, तसा शब्दही पारखून घ्या, आमचासुद्धां!