सारख्या दिसणाऱ्या एसएसडी : कोणती घ्यावी?



या महिन्यात एका भगिनीचा प्रश्न घेतला आहे. घरचा डेस्कटॉप सुरू होईपर्यंत चहा निवून जातो. दुकानदाराने १ टीबीच्या दोन एसएसडी दाखवल्या. कंपनी एक, आकार एक, डब्यावर छापलेला वेगही एकच. किंमत मात्र वेगळी. महाग घेतली तर इसराफ होईल का आणि स्वस्त घेतली तर पस्तावू का, हा त्यांचा पेच आहे.

आधी आपल्या संगणकात काय बसते ते पाहा. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा सॅटा जोडणी असते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी ३,५०० एमबी किंवा त्याहून जास्त वेग देते, पण त्यासाठी मदरबोर्डवर तशी सोय हवी. एम.२ हे फक्त आकाराचे नाव आहे. त्या खाचेत सॅटा चालेल की एनव्हीएमई, हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच कळते. जुन्या हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला सॅटा एसएसडीनेही संगणक नवा झाल्यासारखा वाटेल.

आता सारख्यातला फरक. सॅमसंगच्या ८७० इव्हो आणि ८७० क्यूव्हीओ या दोघींचा वेग वाचताना ५६० व लिहिताना ५३० एमबी असाच सांगितला जातो. पण इव्होच्या प्रत्येक पेशीत ३ बिट साठतात (टीएलसी), क्यूव्हीओत ४ (क्यूएलसी). १ टीबीच्या क्यूव्हीओत एका दमात सुमारे ४२ जीबी लिहून झाले, की लिहिण्याचा वेग ८० एमबीवर येतो, म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी. इव्होची वॉरंटी ५ वर्षे किंवा ६०० टीबी लेखन. क्यूव्हीओची ३ वर्षे किंवा ३६० टीबी. दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते.

टीबीच्या आकड्याने घाबरू नका. घरात रोज २० जीबी लिहिले, तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. ३६० टीबी संपायला जवळपास ४९ वर्षे लागतील. म्हणून मुलांचा अभ्यास, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग एवढेच काम असेल आणि किमतीत मोठा फरक असेल, तर क्यूएलसी घेण्यात कमीपणा नाही. लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन करत असाल, तर टीएलसीच घ्या. फरक थोडा असेल, तर ५ वर्षांची वॉरंटी पसंत करा.

नावावरही डोळे मिटून विसंबू नका. २०२१ साली क्रुशियल पी२ याच नावाच्या एसएसडीत टीएलसीऐवजी क्यूएलसी येऊ लागल्याचे तपासण्यांत उघड झाले. मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा, हा आपल्याकडे तिजारतीचा पहिला धडा. समोरचा तो पाळेलच असे नाही, म्हणून दुकानदाराला पेशींचा प्रकार आणि वॉरंटी स्पष्ट विचारा, सीरियल नंबर लिहिलेले पक्के बिल घ्या. अनोळखी नावाची, कवडीमोलाची 'मोठी' एसएसडी घेऊच नका.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. एसएसडी कितीही महाग असो, ती एखाद्या दिवशी काही इशारा न देता बंद पडू शकते. अब्बा-अम्मीच्या हजचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, घराचे कागद यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवीच. जुनी हार्ड डिस्क शाबूत असेल, तर तिला यूएसबीची पेटी लावा. दुसरी प्रत तिथे राहील. ती विकायचीच असेल, तर नुसते डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरत नाही. पूर्ण फॉरमॅट करून मगच द्या. त्या डिस्कमध्ये घरच्या बायामुलींचे फोटो असतात. त्यांचा पडदा राखणे ही आपल्याकडची अमानत आहे.