बारा वर्षं दिली म्हणजे मालकी दिली का?

आयपीएलचा लिलाव लागला की आमच्या कट्ट्यावर एकच चर्चा असते, कोण किती कोटींना 'विकला' गेला. शब्द आपण सहज वापरतो. मला मात्र दर वेळी कर्ट फ्लड आठवतो.

नाव ऐकलं नसेल तर नवल नाही. हा अमेरिकेतला बेसबॉलपटू. सेंट लुईस कार्डिनल्स या संघाकडून १९५८ ते १९६९ अशी बारा वर्षं खेळला. उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. १८५३ हिट. सहा मोसमांत सरासरी .३०० च्या वर, म्हणजे दहा प्रयत्नांत तीनहून जास्त हिट, आणि बेसबॉलमध्ये हे उत्तम मानतात. मागच्या मैदानात मधोमध उभा राहून झेल घेणं हे त्याचं काम. त्यासाठीचा गोल्ड ग्लव्ह सलग सात वर्षं मिळाला. १९६६ च्या अख्ख्या मोसमात एकही चूक नाही! १९६४ आणि १९६७ ला संघ विजेता झाला, त्यात याचा वाटा मोठा.

आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्याला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. विचारलंसुद्धा नाही. नियमच तसा होता. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. संघ सोडेल तेव्हाच सुटका.

फ्लडने बेसबॉलच्या कमिशनरना पत्र लिहिलं. आशय एवढाच, की बारा वर्षं खेळलो म्हणून मी कुणाची मालमत्ता झालो नाही. मग थेट कोर्टात गेला. लोक म्हणाले, वर्षाला ९० हजार डॉलर मिळतात, तरी रडतोय. त्याचं म्हणणं होतं, पगार भरपूर असला तरी गुलाम तो गुलामच.

१९७० चा पूर्ण मोसम तो घरी बसला. १९७१ ला वॉशिंग्टनकडून फक्त १३ सामने खेळला आणि कारकीर्द संपली. १९७२ ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ ने हरला. खटल्यात जॅकी रॉबिन्सनसारखा निवृत्त दिग्गज त्याच्या बाजूने साक्षीला आला, पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. १९७५ मध्ये लवादाने तो नियम मोडीत काढला. फायदा नंतरच्यांना झाला.

आता म्हणाल, आपला काय संबंध? सांगतो. एका खासगी संस्थेत मी नऊ वर्षं शिकवलं. दुसरीकडे नोकरी लागली, तर माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. वर ऐकवलं, "सर, आम्ही तुम्हाला घडवलं." चार महिने खेटे घातले तेव्हा कागद मिळाले. स्टाफरूममध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाला दोष देऊ? माझ्या दोन वर्षं आधी एका मॅडमच्या बाबतीत हेच झालं, तेव्हा मीही मान खाली घालून वह्या तपासत होतो.

आयपीएलमध्ये खेळाडू निदान स्वतः नाव नोंदवतो, कराराला मुदत असते. आपल्याकडे साध्या नोकरदाराला तेवढंही मिळत नाही. संस्थेने पगार दिला, आपण काम दिलं. हिशेब तिथेच मिटला. निष्ठा ही आपण द्यायची गोष्ट आहे, कपाटात कुलूप लावून ठेवायची नाही.

तुमचीही प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात आहेत का? आणि शेजारच्या टेबलावरच्याची असतील, तर तुम्ही काय करताय?