ब्रॅडफर्ड पेअर वांझ नाही

मा. संपादक,


शोभेच्या ब्रॅडफर्ड पेअरवर ओहायोने घातलेली बंदी गेल्या अंकातील लेखात ‘सरकारी अतिरेक’ ठरवली आहे. झाड वांझ आहे, मग पसरणार कसे, असा लेखकाचा सवाल. ब्रॅडफर्डला स्वतःच्या परागकणांनी फळ धरत नाही, एवढेच त्यात खरे. ब्रॅडफर्ड ही कॅलरी पेअरचीच एक जात; शेजाऱ्याच्या अंगणात कॅलरी पेअरची दुसरी जात असली, किंवा कलमाखालचा खुंट फुटून फुलला, की फळे लागतात. आपल्या साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग ती खातात आणि बिया पडीक शेतांत नेऊन टाकतात. तिथे उगवणाऱ्या झाडांचे काटे ट्रॅक्टरचे टायर फोडतात.

रानात हे झाड ओळखता येत नाही, हेही चूक. वसंताच्या तोंडावर, बाकीचे रान उघडे असताना, पांढऱ्या फुलांनी लगडलेले झाड दिसले तर जवळ जाऊन पाहावे. सडक्या मासळीसारखा वास आणि परागकोश तांबूस-जांभळे असतील, तर तो कॅलरी पेअरच. इथली सर्व्हिसबेरीही पांढरीच फुलते, पण तिच्या पाकळ्या लांबट, अरुंद. फांदीला काटा नाही. शरदात इतर झाडे निष्पर्ण झाली तरी पेअरची चकचकीत पाने टिकून असतात.

शिवाय जानेवारी २०२३ पासूनची बंदी विक्री आणि लागवडीवर आहे. अंगणातले जुने झाड तोडायची सक्ती कुणावरही नाही. ‘अतिरेक’ म्हणण्यापूर्वी लेखकाने हे पाहायला हवे होते.

आपला,
एक वाचक, कोलंबस (ओहायो)