खासदारांचा केसपेपर कोरा

धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात साधा खोकला घेऊन गेलात तरी आधी केसपेपर निघतो. नाव, वय, गाव, वजन, मागच्या खेपेला कोणती गोळी दिली होती, सगळं त्यावर असतं; निदान असायला हवं. आशाताईंच्या रजिस्टरात बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहितात. आश्रमशाळेतल्या पोराचं हिमोग्लोबिन दशांश चिन्हासकट नोंदलं जातं. ज्याची मोजदाद होत नाही अशी गोष्ट शोधायची तर नंदुरबारहून थेट दिल्ली गाठावी लागते. ती गोष्ट म्हणजे आपल्या खासदारांनी सभागृहात दिलेलं मत.

गंमत पाहा. तुमचं-आमचं मत गुप्त, तरी ते एकेक करून मोजलं जातं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद डोळ्यांनी बघता येते. ज्यांना आपण निवडून पाठवतो त्यांचं मत जाहीर असायला हवं, पण बहुतेक विधेयकांच्या वेळी ते कुणीच मोजत नाही. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि अध्यक्ष कानाने निकाल देतात. याला आवाजी मतदान म्हणतात.

हे सदर विज्ञानाचं आहे, तेव्हा या यंत्राची अचूकता तपासू. सगळे सारख्याच ताकदीने ओरडले असं धरा. ओरडणारे दुप्पट झाले तर आवाज दुप्पट ऐकू येत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत रीतसर मोजणी झाली : २८८ विरुद्ध २३२. हाच निकाल आवाजावर काढला असता, तर दोन्ही बाजूंतला फरक १ डेसिबलहूनही किंचित कमी भरला असता. निरोगी कानाला शांत खोलीत जेमतेम कळावा एवढाच हा फरक. लोकसभेला शांत खोली म्हणायचं धाडस आम्ही करणार नाही. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाला ४५४ मतं बाजूने आणि २ विरोधात पडली. तिथला फरक २३ डेसिबलच्या पुढे गेला असता, म्हणजे कान पुरला असता. पण घटनादुरुस्तीला ठरावीक बहुमत लागतं, म्हणून तिथे मोजणी सक्तीची.

आपलं महाराष्ट्राचं सभागृहही मागे नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानेच मंजूर झाला. सरकारला बहुमत आहे की नाही, एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता.

आता आरोग्याकडे येऊ. जुलै २०२३ चा शेवटचा आठवडा घ्या. मणिपूरवरून लोकसभेत रोज गोंधळ चालू होता. २६ तारखेला वन संवर्धन दुरुस्ती विधेयक आवाजी मताने मंजूर झालं. सातपुड्यात राहणाऱ्याला त्यातला ‘वन’ शब्द पुरेसा आहे. २७ तारखेला जनविश्वास विधेयक. त्यात औषध कायद्याच्या कलम २७(ड)मध्ये बदल होता : काही गुन्हे आता खटल्याऐवजी तडजोडीने, पैसे भरून मिटवता येतात. बनावट औषधाला ही सवलत नाही. पण दर्जात कमी भरलेल्या औषधाचे खटले बहुधा याच कलमाखाली चालतात. तालुक्याच्या दुकानातून पॅरासिटामॉल नेणाऱ्याचा याच्याशी थेट संबंध आहे. लगेच २८ तारखेला नर्सिंग आणि दंतवैद्यकाची दोन विधेयकं. तीही आवाजीच.

तेव्हा नंदुरबारच्या खासदार स्वतः डॉक्टर होत्या. औषधाच्या कलमावर त्यांचं मत काय होतं? नोंद नाही. सत्ताधारी बाकावर होत्या, त्यामुळे अंदाज बांधता येतो. पण अंदाजावर सलाईन लावत नाहीत. विरोधी बाकांवरचे तरी कुठे नोंदीत सापडतात? ते घोषणा देण्यात गुंतले होते. मतविभागणी मागण्याचा हक्क सदस्यांना असतो, पण त्यासाठी आपल्या जागेवर बसावं लागतं.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात १ फेब्रुवारीला सिकलसेल निर्मूलनाची घोषणा झाली होती. २०४७ पर्यंत आजार संपवायचा, आदिवासी भागातल्या ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची. आपल्या भिल्ल-पावरा वस्त्यांसाठी याहून जवळची घोषणा कोणती? आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे गणित अक्कलकुव्यातल्या आशाताईंना तोंडपाठ असतं. मग २३ मार्चला लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. एका बाजूला अदानी प्रकरणाच्या चौकशीची मागणी, दुसऱ्या बाजूला राहुल गांधींनी माफी मागावी ही मागणी. दोन्ही बाजू ओरडत होत्या. सात कोटी तपासण्यांना किट किती, तंत्रज्ञ किती, पॉझिटिव्ह निघालेल्याला हायड्रॉक्सियुरिया कुठून मिळणार, हे विचारायला वेळ कुणाला होता? या पद्धतीला संसदेत गिलोटिन म्हणतात. नाव अगदी योग्य आहे; शस्त्रक्रिया झटपट होते, भूल द्यावी लागत नाही.

अमेरिकेत हे वेगळं आहे. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटर जॉन मॅकेन यांनी स्वतःच्याच पक्षाच्या विरोधात अंगठा खाली केला आणि ओबामांचा आरोग्य कायदा रद्द करायचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ असा पडला. तिथल्या सिनेटरच्या अशा मतांवर पुढच्या निवडणुकीत जाहिराती होतात, व्यंगचित्रं निघतात. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर व्हिप मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आयाराम-गयाराम हा खरा रोग होता, औषध हवंच होतं. पण डोस असा दिला की रोग्याची मानच एका बाजूला आखडली. आयाराम मात्र धडधाकट आहेत. महाराष्ट्राला २०२२ नंतर ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे खासदारांची प्रगतिपुस्तकं बनवणाऱ्या संस्थाही हजेरी, प्रश्न, भाषणं आणि खासगी विधेयकं मोजतात. मतांचा रकानाच नाही. हजेरी शंभर टक्के भरली तरी त्यातून ‘हो’ कळत नाही, ‘नाही’ही नाही. दवाखान्यात किती दिवस आलात हे लिहायचं आणि काय झालं होतं ते सोडून द्यायचं, असा हा प्रकार.

२०२४ पासून नंदुरबारचे खासदार वकील आहेत आणि विरोधी बाकांवर आहेत. ॲड. गोवाल पाडवी यांना आपण कोणत्या विधेयकावर काय म्हटलं हे सांगायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. अधिवेशन संपलं की एका पानावर विधेयकाचं नाव आणि पुढे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘सभागृहात नव्हतो’, एवढं पुरे. जिल्ह्याच्या चारही आमदारांनाही हे जमेल. चिकटवायला जागा हवी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या वेळापत्रकाशेजारी भिंत मोकळी असते.