वुजूच्या वेळी पायांकडेही पाहू या

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या दादी पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपल्या. सकाळी सुनेला त्यांच्या पायावर मोठा फोड दिसला. दादींना रात्रभर काहीच जाणवले नव्हते. "दुखत नाही ना बेटा, मग दवाखाना कशाला?" असे म्हणत त्यांनी आठ दिवस घालवले. शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. मधुमेह पंधरा वर्षांचा होता, पण त्यांचे पाय कुणी कधी नीट पाहिलेच नव्हते.

मधुमेहात 'दुखत नाही' हीच खरी धोक्याची खूण असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेतला खडा, नव्या चपलेचा चावा, तापलेली फरशी, काहीच कळत नाही. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोचत नाही. जखम भरत नाही आणि जंतू आत शिरतात. मधुमेहींचा पाय कापावा लागतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशाच एका छोट्या जखमेने झालेली असते.

धोका कोणाला जास्त? ज्यांना पूर्वी पायाला जखम झाली होती किंवा ज्यांचे बोट काढले आहे, ज्यांची बोटे वाकडी झाली आहेत, ज्यांच्या तळव्याला घट्टे आहेत, ज्यांची किडनी किंवा नजर कमजोर आहे, त्यांना. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही, कारण तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आणखी अरुंद होतात.

वुजूसाठी आपण दिवसातून अनेकदा पाय धुतो, बोटांच्या फटींत खिलाल करतो. निदान एका वेळी पायांकडे नीट पाहू या: तळवा, टाच, फटी. नंतर फटी कोरड्या पुसाव्यात. ओल्या राहिल्या तर बुरशी होते. वडीलधाऱ्यांना वाकता येत नसेल, तर मुलाने, सुनेने किंवा नातवाने पाहावे. हिवाळ्यात पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हाताने तपासावे. पाय शेकू नयेत. घरातही अनवाणी फिरू नये, चप्पल झटकूनच घालावी. कुरूप ब्लेडने कापू नये.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तारेने ते तळव्याची संवेदना पाहतात, पायाची नाडीही तपासतात. धोका जास्त असेल तर ही तपासणी वरचेवर लागते.

जखम, लाली, सूज, काळेपणा किंवा दुर्गंधी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पट्टी भिजवू नका असे डॉक्टरांनी सांगितले, तर वुजूत पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे. इमामसाहेबांकडून पद्धत समजून घ्यावी.

आज इशाच्या नमाजनंतर अब्बांचे, अम्मींचे तळवे एकदा उजेडात पाहू या.