हॉर्सपॉवर वाढते, बिल खाडीचं!

ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली. त्याच पाण्यावर सारसोळे, वाशीगावच्या कोळ्यांचं पोट आहे. छोट्या होडीला टू-स्ट्रोक इंजिन परवडतं: हलकं, पण ताकदवान. कसं? फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटतं, इथे प्रत्येक फेरीला. आणखी हॉर्सपॉवर हवी? मोठा कार्बोरेटर, रुंद पोर्ट, नेमक्या लांबीचा एक्झॉस्ट. पण मेख अशी, की जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनात धुरासोबत ताजं इंधनही निसटतं. साधारण पाव हिस्सा न जळताच, ऑइलसकट पाण्यात. म्हणजे पेट्रोलचा खर्च कोळ्याचा आणि तेलकट पाणीही त्याच्याच जाळ्यात. ‘फोर-स्ट्रोक घ्या’ म्हणणं सोपंय. पण ते महाग आणि जड. वरचे पैसे कोण देणार, ते आधी बोला!